सेफ्टी रनचा टी-शर्ट

मी हात उचलणारा माणूस आहे. लपवून काय करू? डोंबिवलीजवळ मानपाड्याला आमच्या कंपनीच्या गेटवर कुंडलिकमामा एवढं नाव घ्या, समोरचा आधी स्वतःच्या गालावरून हात फिरवेल आणि मग मी कुठे भेटेन ते सांगेल. केमिकलमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. त्या अठरा वर्षांत माझ्या शिफ्टच्या एकाही माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालावं लागलं नाही, आणि ते कंपनीने भिंतींवर चिकटवलेल्या पोस्टरांमुळे नाही, माझ्या उजव्या हातामुळे, असं मी छाती ठोकून सांगायचो. ठिणगी टाळणारी अर्थिंगची क्लिप न लावता ड्रम उघडला, एक ठेवून दिली. गॉगल कपाळावर चढवून ॲसिडच्या लाइनखाली गेला, एक ठेवून दिली. माझा ऑपरेटर देवराम तर म्हणायचा, "मामाची ट्रेनिंग बेस्ट. परीक्षा नाय, सर्टिफिकेट नाय, पण जन्मात विसरत नाय." त्यानेही दोनदा खाल्ली होती.

घरीही तेच. प्रीती चार वर्षांची असताना तिने पेटत्या स्टोव्हकडे हात नेला. मी तिच्या मनगटावर अशी हाणली की माझी बोटं दोन दिवस तिथे उमटलेली होती. माझी बायको केशर तेव्हा म्हणाली, "स्टोव्हने याच्यापेक्षा कमी भाजलं असतं." मी हसलो होतो. मला वाटायचं, मारतो ते जीव वाचवायला मारतो, मग त्यात वाईट काय?

तर टी-शर्टचं. मार्चमध्ये कंपनीने सुरक्षा सप्ताह केला आणि त्यात रविवारी सकाळी पाच किलोमीटरची सेफ्टी रन ठेवली. आमचा सेफ्टी ऑफिसर केदार, ठाण्याचा, नौपाड्यातला पोरगा, येऊन सात महिने झालेले. मुलगा वाईट नाही, बोलायला गोड, पण आग त्याने फक्त व्हिडिओत बघितलेली. त्याने वागळे इस्टेटमधून अडीचशे टी-शर्ट छापून आणले. झगझगीत पोपटी रंग, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा प्रथम'. हातात घेतला तर वजनच नाही, रुमालाची घडी घेतल्यासारखं. काखेत बारीक भोकांची जाळी. घाम आला की पाच मिनिटांत वाळतो, इस्त्री नको, चुरगळत नाही. पोरं खूश झाली. मी कापड दोन बोटांत चोळलं आणि माझं डोकं फिरलं.

"केदार, हे पॉलिएस्टर आहे."

"मामा, ड्राय-फिट आहे. हे फक्त रनसाठी आहे, प्लांटमध्ये घालायला नाही. तसं मेलमध्ये लिहिलंय मी."

"फुकटचा कपडा माणूस कपाटात ठेवतो काय रे? मे महिन्यात अंगभर सुती बॉयलर सूटच्या आत हाच घालणार सगळे. तुझा मेल कोण वाचतं?"

"आपण शिफ्टआधीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये सांगू ना."

मी त्याची कॉलर धरली. कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. दोघा-तिघांनी मला मागे ओढलं म्हणून तो वाचला. तक्रार केली नाही त्याने, हे त्याचं मोठेपण. पण टी-शर्ट वाटले गेलेच.

आमच्या प्लांटमध्ये सुती कपड्याशिवाय काही चालत नाही, आणि ते कंपनीचे लाड म्हणून नाही. सुती कपडा पेटला तर जळतो, राख होऊन गळून पडतो. पॉलिएस्टर वितळतं. मी नवा असताना, शेजारच्या कंपनीत एका माणसाच्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट वितळलेला मी बघितला होता. शर्ट कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. चिमट्याने ओढायचे आणि सोबत कातडी यायची. तो माणूस नऊ दिवस ओरडत होता. त्या ओरडण्याने मला असा हात उचलणारा केला, असं मी स्वतःला समजावत आलो.

रनच्या दुसऱ्या दिवशी, शिफ्ट सुटल्यावर, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी माझ्या माणसांना उभं केलं. माझ्या वाट्याचा टी-शर्ट काठीवर अडकवला आणि टपरीवाल्याच्या लायटरने पेटवला. काळे थेंब टपटप खाली पडायला लागले, पेटते थेंब, पडताना फुर्र फुर्र आवाज करणारे. पोरं हसत होती. माझा जावई प्रफुल्लही हसत होता. मग माझं टाळकं सटकलं. मी डावी बाही वर केली आणि हात त्या थेंबांखाली धरला. तीन थेंब पडले. तिसऱ्याला मी ओरडलो, एवढा मोठा माणूस, आईला हाक मारून. थेंब पुसायला गेलो तर तो कातडीतच बसला होता.

"बघितलंत?" मी म्हणालो. आता कोणी हसत नव्हतं. देवरामने बर्फ आणला. प्रफुल्ल म्हणाला, "मामा, तुम्ही वेडे आहात का? सांगितलं असतं तरी कळलं असतं."

प्रफुल्ल, प्रीतीचा नवरा. माझ्याच शब्दावर कंपनीत लागला, माझ्याच शिफ्टमध्ये. तो मला मामा म्हणायचा म्हणून सगळी शिफ्ट मला मामा म्हणायला लागली. एकोणतीस वर्षांचा, सडपातळ, पळायचं वेड. शिळफाट्याच्या रस्त्याला सकाळी पाचला उठून दहा-दहा किलोमीटर पळायचा आणि मग सातच्या शिफ्टला यायचा. सेफ्टी रनमध्ये दुसरा आला होता. त्याच्यापुढचा विशीतला ट्रेनी होता, त्याचं त्याला फार लागलं होतं, त्यावरून आम्ही त्याला महिनाभर पिडलं. प्रीतीचं आणि त्याचं छान होतं. ती कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, घरी आल्यावर दोघं मिळून स्वयंपाक करायचे आणि मी बाहेर बसून त्यांचं हसणं ऐकायचो. मला तो पोरगा मनापासून आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला खरं वाटणार नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवली भाजून निघत होती. आमच्याकडे एक खोली आहे, तिथल्या पावडरला जरा ओल लागली की ती वाया जाते, म्हणून तिथली हवा मशीनने कोरडी करतात. कोरडी म्हणजे भट्टीतल्यासारखी, कोरडी आणि गरम. त्याच खोलीत रिॲक्टरचं, म्हणजे मोठ्या बंद टाकीचं, तोंड उघडून पावडरच्या पिशव्या आत ओतायच्या असतात, आणि आत असतं टोल्युइन, पेट्रोलसारखं भडकणारं. त्याच्या वाफा दिसत नाहीत, पण तोंड उघडं असेपर्यंत त्या खोलीत असतातच. म्हणून तिथे एक नियम आहे, तो मी स्वतः प्रत्येक नव्या माणसाकडून पाठ करून घेतो: त्या खोलीत अंगावरचा कपडा काढायचा नाही. थंडीत स्वेटर डोक्यावरून काढताना जी चटचट होते, तेवढी ठिणगी तिथे पुरते. चुकीचा कपडा घालून आलास तर आहेस तसाच, हळू, हात न लावता बाहेर जायचं आणि बाहेर काढायचा. अठरा वर्षं मी हे सांगत आलो.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मी त्या खोलीत गेलो. देवराम रिॲक्टरच्या तोंडाशी पिशवी ओतत होता. प्रफुल्ल त्याला पिशव्या उचलून देत होता. त्याने बॉयलर सूट कमरेपर्यंत उतरवला होता, बाह्यांची कमरेला गाठ मारलेली, आणि वर तो पोपटी टी-शर्ट.

तळपायाची आग मस्तकाला गेली.

"प्रफुल्ल!"

त्याने बघितलं. चेहरा पडला त्याचा, चोरी पकडल्यासारखा. पण लगेच हसला. "मामा, सॉरी. सूट घामाने भिजलेला म्हणून बाहेरच खाली केला, आतला टी-शर्ट तसाच राहिला. ओरडू नका. बाहेर जाऊन काढतो."

असंच म्हणाला. एक एक शब्द मला ऐकू आला. मशीनचा आवाज होता, पण मला ऐकू आला. हातातली पिशवी त्याने खाली ठेवली आणि तो दाराकडे निघालाही. हळू चालत होता, हात अंगापासून लांब ठेवून, मी शिकवलं तसंच.

पण तो हसला होता. देवरामही गालातल्या गालात हसत होता, आता मामा काय करतो ते बघायला. आणि मला टपरीवरचे तीन थेंब आठवले, नऊ दिवस ओरडणारा माणूस आठवला, आणि हा माझ्या पोरीचा नवरा हसत हसत माझ्यासमोरून चाललाय. मी काय सांगतो त्याची ह्याला किंमत नाही, असं वाटलं मला. खरं म्हणजे किंमत होती म्हणूनच तो बाहेर चालला होता. ते कळायला डोकं लागतं, आणि माझं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं.

तो माझ्या बाजूने जात असताना मी मागून त्याच्या टी-शर्टची कॉलर धरली. "बाहेर काय काढतोस, इथेच काढ!" म्हणालो, आणि एका झटक्यात तो टी-शर्ट त्याच्या पाठीवरून, डोक्यावरून वर ओढला.

चटचट झाली. ती मी ऐकली.

पुढचं सगळं मिळून चार-पाच सेकंदांचं असेल. खोलीतली हवाच पेटली. आवाज मोठा नव्हता, गॅसची शेगडी उशिरा पेटल्यावर भप्प होतं तसा. निळं काहीतरी जमिनीवरून माझ्या पायांकडे धावत आलं. देवराम रिॲक्टरच्या तोंडावर वाकलेला होता, तो सरळ झाला तेव्हा त्याला चेहरा नव्हता, नुसती आग होती. प्रफुल्लचं डोकं आणि दोन्ही हात त्या टी-शर्टमध्ये अडकलेले, आणि टी-शर्ट पेटलेला. झटक्याने तो गर्रकन रिॲक्टरकडे फिरला होता, मी त्याच्या मागे. आग पुढून आली. माझ्या जावयाचं अंग मध्ये होतं म्हणून मी वाचलो.

मी त्याला कमरेच्या गाठीला धरून दाराबाहेर ओढला. जमिनीवर पाडून हातांनी विझवला. टी-शर्ट त्याच्या चेहऱ्यावरून ओढून काढायला गेलो तर तो काढायचा राहिलाच नव्हता. माझ्या तळहातांना चिकटून काय आलं ते मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. तो ओरडत होता तोवर मला बरं वाटत होतं, पण मग तो ओरडायचा थांबला. आत आग विझवणारा फोम सुरू झाला, पोरांनी देवरामला बाहेर काढलं. देवराम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधून मी ठाण्याच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो तेव्हा केदार आला. त्याचे डोळे सुजले होते. माझ्या समोर उकिडवा बसून त्याने विचारलं, "मामा, त्याने टी-शर्ट आत काढला का?"

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. एक शुद्धीवर नव्हता आणि एक वाचणार नव्हता. मी मान हलवून हो म्हटलं. केदार रडायला लागला. "तुम्ही मला मार्चमध्येच सांगितलेलं, मामा. तुम्ही माझी कॉलर धरलेली, ती बरोबर होती."

मग फॅक्टरी इन्स्पेक्टरचा चौकशीचा कागद आला. कामगाराने सूचना डावलून सिंथेटिक कपडा वापरला आणि धोकादायक जागी स्वतःच काढला, शिफ्ट इन्चार्जने अडवण्याचा प्रयत्न केला, जखमी अवस्थेत सहकाऱ्याला बाहेर काढलं. पट्टीतून बाहेर आलेल्या अंगठ्याने मी खाली शाई उमटवली. नोटीस बोर्डावर माझा फोटो लागला.

प्रीतीची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जातं. प्रफुल्ल काचेपलीकडे, घशात नळी घालून पडलेला. माझे हात बांधलेले, म्हणून प्रीती मला भरवायची. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून वरणभाताचा घास माझ्या तोंडात घालताना ती नवऱ्याला बोल लावायची. "किती वेळा सांगितलेलं तुम्ही. हात जाळून दाखवलात त्याला. एक टी-शर्ट, पप्पा, एका टी-शर्टसाठी त्याने देवरामभाऊला मारलं, स्वतःचं असं करून घेतलं. शुद्धीवर येऊ दे, मी त्याला सोडणार नाही." बोलता बोलता रडायची, आणि रडता रडता पुढचा घास कालवायची. मी खायचो. तीन आठवडे मी असंच खाल्लं.

तिसऱ्या आठवड्यात प्रफुल्लची नळी काढली आणि त्याला काचेबाहेर, साध्या खोलीत आणलं. चेहऱ्याला अजून पट्ट्या, डोळे आणि तोंड तेवढं उघडं. अजून बोलत नव्हता. त्याच दिवशी दुपारी देवरामचा भाऊ त्र्यंबक आला.

देवराम कोलशेतचा, खाडीकाठच्या गावातला. त्याचा हा धाकटा भाऊ, रुंद खांद्याचा, डोळे लाल. बाहेर व्हरांड्यात मी आणि प्रीती बसलो होतो.

"कुठं हाय तो?" त्र्यंबक म्हणाला. "माझे भावाला जाळून हिते गादीवर झोपलाय काय?"

प्रीती दाराशी उभी राहिली. "भाऊ, तो बोलू शकत नाही. नंतर या."

त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं. मारलं नाही, सारलं फक्त, पण ती भिंतीवर आपटली. मला तेवढं पुरलं. हातांच्या पट्ट्या दोन दिवसांपूर्वी निघाल्या होत्या, नवी कातडी गुलाबी, मूठ मिटत नव्हती. मग मी कोपर वापरलं. पहिलं नाकावर बसलं, हाड मोडल्याचा आवाज आला. तो वाकला तेव्हा गुडघा घातला. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही, लाथा घालत राहिलो, बरगड्यांत, पाठीत. माझ्या तळहातांची कातडी फाटून रक्त यायला लागलं. हा माणूस बोलत राहिला तर आतला ऐकेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सिक्युरिटीच्या दोघांनी मला उचलून बाजूला केलं.

त्र्यंबक भिंतीला टेकून बसला होता. शर्ट रक्ताने भिजलेला. त्याने माझ्यावर हात उचललाच नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. तो म्हणाला, "इचारायचं होतं नुसतं. आई रोज इचारतं, त्यानी कपरा का काढला. तिला काय सांगू?"

प्रीतीने नर्सकडून कापूस आणून त्याच्या नाकाला लावला. मी नळाखाली हात धरून उभा राहिलो.

तो गेल्यावर आम्ही आत गेलो. प्रफुल्ल जागा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. प्रीती चमच्याने त्याला पाणी पाजायला लागली तर त्याने तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला, आवाज घासल्यासारखा.

"मामा, मी आतच काढला का?"

मी फाटलेले तळहात मागे लपवले.

"मला काही आठवत नाही. पिशवी उचललेली, एवढंच आठवतंय. मी असा कसा विसरलो? मी कधीचा विचार करतोय. तुम्ही शिकवलेलं ना, आत काढायचा नाही. मग मी काढला कसा?" पट्टीतून पाणी झिरपायला लागलं. "देवराम माझ्यामुळे गेला ना, मामा? मला माफ करा. मी त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

प्रीती चमचा हातात घेऊन तशीच बसली. मला वाटलं ती त्याला आता झापेल. पण ती त्याच्या पट्टीवर हात ठेवायला गेली आणि दुखेल म्हणून मागे घेतला.

मी आयुष्यात कशाला घाबरलो नाही, पण त्या खाटेशी घाबरलो. हो म्हणायचं, एवढंच होतं. कागदावर तेच होतं, बोर्डावर तेच होतं, माझी पोरगी तेच मानत होती. हो म्हटलं असतं तर हा पोरगा उरलेला सगळा जन्म माफी मागत राहिला असता, आणि मी मोठ्या मनाने माफ करत राहिलो असतो. घास भरवून घेत. मला स्वतःची किळस आली.

"तू नाही काढलास," मी म्हणालो.

दोघंही बघायला लागले.

"तू म्हणालास, बाहेर जाऊन काढतो. आणि दाराकडे निघालेलास. मी मागून धरला आणि खेचला. मी काढला. ठिणगी माझ्या हातातली होती. तू सगळं बरोबर केलेलंस."

प्रफुल्लने वर पंख्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या. पण तो म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"देवराम माझ्यामुळे नाही गेला."

"नाही रे. माझ्यामुळे."

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. ओझं उतरवलेल्या हमालासारखा तो उशीत खाली गेला. माझ्यावर रागवायची आठवणसुद्धा त्याला झाली नाही, इतकं त्याला सुटल्यासारखं वाटलं. ते बघून मला जे झालं ते कुठल्याही माराने झालं नसतं.

प्रीती उठली. तिने चमचा टेबलावर नीट ठेवला. मग माझ्या तोंडात मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली, तिसरी मारली, मग दोन्ही मुठींनी छातीत, गळ्यावर, कानावर, जिथे लागेल तिथे. ओठ फुटला, दाढेत काहीतरी हललं. ती ओरडत नव्हती, दात आवळून मारत होती, आणि मला तिच्या मारण्यात माझा हात दिसत होता, तसाच तिरका, तसाच मनगटातून. नर्स धावत आली, मी तिला म्हटलं, "राहू द्या, माझी मुलगी आहे." दमल्यावर प्रीती थांबली, ओढणीने हात पुसले.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"कोलशेतला. इन्स्पेक्टरकडे नंतर जाऊ, तो कागद बदलायला. आधी त्या आईकडे."

रिक्षात ती माझ्याकडे न बघता बसली. संध्याकाळचं तिरपं ऊन, घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग. रिक्षावाला आरशातून माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघत होता. माजिवड्याच्या सिग्नलला तिने विचारलं, "त्याने सांगितलेलं ना, बाहेर जाऊन काढतो म्हणून?"

"हो."

"तुम्हाला ऐकू आलेलं?"

"हो."

ती रस्त्याकडे वळली. मी मात्र मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा घोकत होतो, की मशीनचा आवाज होता, कदाचित नसेलही ऐकू आलं. पण आलं होतं.

कोलशेतला टॉवरांच्या मागे जुनं गाव अजून आहे. देवरामचं घर बैठं, पुढे ओटा, ओट्यावर वाळत घातलेली सुकट. त्याची आई उंबऱ्यात बसली होती, पाय पसरून, केस मोकळे. त्र्यंबक ओट्यावर, नाकावर पांढरी पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं. मला बघून तो ताडकन उठला. प्रीती पुढे होऊन मध्ये उभी राहिली.

"भाऊ, थांबा. तुम्ही विचारायला आलेलात ना? हे सांगायला आलेत." मग माझ्याकडे वळली. "सांगा."

मी सांगितलं. आईकडे बघून सांगितलं, त्र्यंबककडे नाही. टी-शर्ट कोणी घातला होता, तो काय म्हणाला होता, कुठे चालला होता, कोणी खेचला. देवराम हसत होता तेही सांगितलं, कारण ते खरं होतं आणि आईला आवडेल असं वाटलं. खोटा अंगठा दिला तेही सांगितलं. म्हातारीला बहुतेक अर्धंच कळलं असावं. ती माझ्या हातांकडे बघत होती, गुलाबी कातडीकडे.

"हेच हात काय?" तिने विचारलं.

"हो, आई."

शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली, आणखी कोणीतरी गल्लीतून आलं. त्र्यंबक ओट्यावरून खाली उतरला. पायातल्या चपला काढून त्याने बाजूला ठेवल्या. मी हात खालीच ठेवले. प्रीती अजून आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती, आणि मला आतून कुठेतरी खात्री होती की ती तिथून हलणार नाही, काही झालं तरी बाप आहे तिचा. तिने एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मग ती बाजूला झाली.